बापाच्या मागावर

आठ वाजून दहा मिनिटं झाली तरी ‘टक्’ झालं नाही, आणि मचाणावर बसलेल्या लेम्पीने पुन्हा घड्याळ बघितलं.

हा टक् तिच्या बापाच्या तंबाखूच्या डबीचा. वाइनो कंगास एकदा शिकारीला बसला की नाकसुद्धा ओढायचा नाही. पंधरा नोव्हेंबरला, म्हणजे हरणाची शिकार उघडते त्या दिवशी, उजाडायच्या आत शिडी चढायचा आणि दहा वाजेपर्यंत तिथे माणूस आहे हे खारींनाही कळू द्यायचा नाही. फक्त आठच्या ठोक्याला डबी उघडायची, एक चिमूट ओठामागे ठेवायची आणि झाकण लावायचं. थंडीच्या कोरड्या हवेत तेवढा एक टक् तीनशे पावलांवर लेम्पीच्या मचाणापर्यंत यायचा. तीस वर्षं ती तो ऐकत आली होती. बापाला कधी सांगितलं मात्र नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी डबीला लोकर गुंडाळली असती. असला माणूस!

गप्प बसणं हा त्यांच्या फिनिश घराचा धर्मच म्हणा ना. शिकारीचे कपडे आठवडाभर बाहेर देवदाराच्या फांद्यांवर टांगायचे, साबणाचा वास लागू द्यायचा नाही. खिशात किल्ली नको, सुटं नाणं नको. कोट लोकरीचाच हवा, कारण नायलॉन कुरकुरतं, आणि कोटाला बटणं हवीत, चेन नको. लेम्पी बारा वर्षांची असताना तिला बापाने अंगणात वाळकी पानं पसरून त्यावर चालायला लावलं होतं, आवाज झाला की पुन्हा पहिल्यापासून. तिची आई खिडकीतून ओरडायची, अहो, पोर आहे ती, मांजर नाही. बाप म्हणायचा, होईल, होईल.

आता लेम्पी बावन्न वर्षांची होती आणि खरंच मांजर झाली होती. पण या वर्षी तिचं लक्ष हरणात नव्हतंच. ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की शिडी चढायची नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली, गाडीत बसला आणि म्हणाला की बाई चांगली आहे, पण हिच्या घरी कोणी शिकारी दिसत नाही. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाशी भांडून कोण जिंकणार? काल संध्याकाळी कॅम्पातल्या, म्हणजे जंगलातल्या त्यांच्या शिकारीच्या खोपटातल्या, टेबलावर मात्र त्याने आपण होऊनच विषय काढला.

“मी वर बसलो असताना मला बघायला कोणी आलं,” तो म्हणाला, “तर मी त्या क्षणी उतरेन आणि घरी जाईन. पुन्हा या कॅम्पात पाय ठेवणार नाही. मी म्हातारा आहे, आजारी नाही.”

ही पोकळ धमकी नव्हती. मासे धरायच्या जाळ्यावरून शेजाऱ्याशी तो अकरा वर्षं बोलला नव्हता, शेजारी मेला तेव्हा कुठे विषय संपला. लेम्पीने कबूल केलं, येणार नाही. तिचा चुलतभाऊ रूडी, एरवी ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं, तो ताटातल्या सलगमाकडे बघत बसला.

रूडी गप्प का झाला ते तिघांनाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी रूडीचा बाप, म्हणजे वाइनोचा धाकटा भाऊ ऑस्कर, याच जंगलात आपल्या मचाणावर बसल्या बसल्या गेला. सकाळी कधीतरी गेला असावा. दहाला तो खाली आला नाही, दुपारी आला नाही. कॅम्पचा नेम असा की ज्याचं मचाण त्याचं रान, दुसऱ्याने तिथे जाऊन हरणं उठवायची नाहीत. सगळे म्हणाले, ऑस्कर एवढा चिकाटीने बसलाय म्हणजे मोठा नर हेरलेला दिसतो. अंधार पडल्यावर रूडी कंदील घेऊन गेला. त्यानंतर त्या दिवसाबद्दल कोणी कधी बोललं नाही.

म्हणून लेम्पी मचाणावर बसून मनाशी हुज्जत घालत होती. बर्फ भुरभुरतोय, त्याने आवाज दबला असेल. घड्याळ बघायला विसरला असेल. समोर हरीण उभं असेल तर डबी कसा उघडेल? साडेआठ झाले. एकदा तिला वाटलं, ऑस्करकाकाबद्दलही आपण हेच सगळं म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. आणि मग तिला बसवेना.

प्रश्न एवढाच होता की बाप जिवंत आहे का ते बघायचं, पण बापाला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो कॅम्प सोडणार, आणि कॅम्प सोडला तर या माणसात उरलं काय? बायको गेली, भाऊ गेला, वर्षभर तो जगायचा तो या पंधरा दिवसांच्या आशेवर. म्हणजे आता बापाचीच शिकार करायला हवी होती, बंदुकीशिवाय.

तिने रायफल रिकामी करून मचाणावरच ठेवली आणि खाली उतरली. बाहेरच्या माणसाने वेड्यात काढलं असतं, पण तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मधल्या टेकाडावरून गेली असती तर आकाशासमोर उभी दिसली असती, म्हणून तिने खालचा दलदलीचा रस्ता धरला. तिथे देवदार दाटीने वाढलेले होते. वारा तोंडावर घेतला, म्हणजे तिचा वास पुढे जाणार नाही. नाहीतर तिच्यापायी हरणं उधळली असती आणि म्हाताऱ्याने त्यावरूनच ओळखलं असतं. पाय टाकताना बुटाची बाहेरची कड आधी, मग हळूच भार. वारा सुटला की चालायचं, पडला की थांबायचं.

निम्म्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपल्या डोक्यावर भडक नारिंगी टोपी आहे आणि अंगात नारिंगी बंडी. हरणाला हा रंग दिसत नाही, पण माणसाला मैलावरून दिसतो, त्यासाठीच तर कायदा आहे. बापाला दिसणार. तिने टोपी काढली, बंडी काढली, दोन्ही झोळीत कोंबली. आत तपकिरी लोकरीचा कोट होता. आणि एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण बापाने शिकवलेली आणखी एक युक्ती तिला सुचली. माणूस एका चालीने चालतो, त्यावरूनच तो ओळखू येतो. हरीण दोन पावलं टाकतं, थांबतं, एक टाकतं, पुष्कळ वेळ थांबतं, मग घाईने तीन टाकतं. चुकून आवाज झालाच तर त्याला हरीण वाटू दे, म्हणून लेम्पी हरणासारखी चालायला लागली.

शहाणी बाई! बासष्ट वर्षं हरणं मारणाऱ्या माणसाच्या पुढ्यात, भरलेल्या बंदुकीसमोर, शिकारीच्या पहिल्या दिवशी ती तपकिरी कोट घालून हरणाच्या चालीने निघाली होती. काळजीने माणसाची अक्कल कशी गहाण पडते ते बघा. तिला एका क्षणासाठीही यात काही चुकतंय असं वाटलं नाही, उलट आपल्या पायांचा आवाज होत नाही याचं बरंच वाटत होतं.

शेवटच्या देवदारांच्या आडून तिला मचाण दिसलं. सत्तर-ऐंशी पावलांवर, एका जुन्या मेपलला टेकवलेलं. म्हातारा बसला होता. खांद्यांवर बोटभर बर्फ साचला होता, टोपीवरही. मान छातीवर झुकलेली. मांडीवरच्या आडव्या रायफलची नळी तेवढी एका बाजूने दिसत होती. हालचाल नाही.

 लेम्पी त्याच्या तोंडातून निघणारी वाफ शोधायला लागली, पण तिकडून त्याची पाठ आणि अर्धा गालच दिसत होता. तिने मनात म्हटलं, पप्पा, एकदा हला. शिंका, खोका, काहीही करा. वाफ दिसावी म्हणून ती आणखी बाजूला सरकली, दोन पावलं, थांबली, एक पाऊल. त्या पावलाखाली बर्फात दडलेली काटकी मोडली.

म्हाताऱ्याची मान वर आली.

तिचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. जिवंत आहे, अहो, चांगला जिवंत आहे, नुसता बसलाय! आणि ते पाणी गालावर यायच्या आत म्हातारा कमरेत वळला, खांद्यावरचा बर्फ घसरला आणि रायफल वर आली. तिच्या दिशेने. ती जुनी रायफल होती, दुर्बीण न लावलेली, आणि तिचं तोंड सरळ लेम्पीच्या कोटावर होतं.

आता कुठे तिला आपण काय करून बसलोय ते कळलं. ओरडायला हवं होतं, पण जंगलात ओरडायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. हलावं तर हरीण पळतंय म्हणून तो चाप ओढेल, न हलावं तर हरीण उभं आहे म्हणून ओढेल. ती देवदाराला चिकटून उभी राहिली. एक श्वास. दोन. म्हातारा गाल लावून बघत होता. चार. पाच. तिला एवढंच सुचत होतं की आपण मेलो तर पप्पांना जन्मभर हे घेऊन जगावं लागेल, आणि तेसुद्धा फार दिवस जमणार नाही त्यांना.

रायफल खाली आली. म्हाताऱ्याने हातमोज्याने डोळे पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसले. मग त्याने रायफल मांडीवर ठेवली आणि तोंड पलीकडे केलं. लेम्पी बर्फात पोटावर पडली ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग सरपटत मागे गेली, दलदलीत पोचल्यावर टोपी डोक्यावर ओढली, बंडी चढवली आणि दहाच्या आत आपल्या मचाणाखाली येऊन उभी राहिली. आता तिला हसू येत होतं. बाप जिवंत, आपणही जिवंत, आणि कोणाला पत्ता नाही. याहून काय हवं?

कॅम्पात आल्यावर रूडीने चुलीवर पेस्ट्या गरम करायला ठेवल्या होत्या, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्याच त्या, त्याच्या बायकोने बांधून दिलेल्या. त्याने काकापुढे आपली तंबाखूची डबी धरली तर म्हातारा नको म्हणाला. सप्टेंबरातच सोडली, म्हणे. म्हणजे आज आठला टक् होणारच नव्हता. सांगायला काय झालं होतं या माणसाला?

रूडीने विचारलं, काय काका, दिसलं का काही? म्हातारा जेवला नाही. त्याने पेस्टी बाजूला सारली आणि रूडीला म्हणाला, कात्री आण.

त्या कात्रीचं काम तिथे सगळ्यांना माहीत. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापायचा आणि नाव, साल लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. भिंतीवर चाळीसेक पदर होते. नऊ रूडीचे, पाच लेम्पीचे, ऑस्करकाकाचे बारा, बाकी जुन्या सोबत्यांचे. वाइनोचा एकही नव्हता.

“काका, गोळी तर ऐकली नाही मी,” रूडी म्हणाला. “पदर चुकलेल्या गोळीचा. न झाडलेल्या गोळीचा कसा कापणार?”

“कापायचा. मी सांगतो म्हणून कापायचा.” म्हातारा उठला आणि पाठ करून उभा राहिला. मग भिंतीकडे तोंड करूनच त्याने सांगितलं. नवाच्या सुमाराला हरीण आलं होतं. आधी पावलं ऐकू आली, दोन टाकलेली, मग थांबलेली, अगदी सावध जनावर. मग देवदाराआड तपकिरी अंग दिसलं. ऐंशी पावलं सुद्धा नव्हती. “बंदूक लावली, आणि मला त्याचं डोकं दिसेना. कुठून कुठपर्यंत जनावर आहे तेच कळेना. डोळे पुसले, तरी नाही. दहा वर्षांपूर्वी मी ते झोपेत मारलं असतं. रूडी, माझे डोळे गेले. आता मी वर बसून काय करू? हे माझं शेवटचं वर्ष.”

 रूडीच्या हातात कात्री होती आणि तिची तो उघडझाप करत होता. लेम्पीने बापाची पाठ बघितली. सकाळी जिच्यावर बर्फ साचला होता तीच पाठ, पण आत्ता ती खरीच म्हाताऱ्याची दिसत होती. गप्प बसली असती तर तिचं गुपित राहिलं असतं. बाप कॅम्प सोडणारच होता, तिने सांगो न सांगो, पण ती गप्प राहिली तर तो हरल्यासारखा गेला असता.

“पप्पा,” ती म्हणाली, “ते हरीण नव्हतं.”

“मला हरणाचं पाऊल कळतं.”

“तुम्हीच शिकवलंत मला तसं चालायला. ती मी होते.”

म्हातारा वळला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. टक् आला नाही ते, दलदलीतून गेले ते, मान झुकलेली दिसली ते. टोपी झोळीत होती हेही सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो हळूहळू खाली बाकावर बसला. लेम्पीला वाटलं, आता उठेल, पिशवी भरेल आणि जाईल. 

आधी बोलला तो रूडी, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. “टोपी काढलीस तो शुद्ध गाढवपणा,” तो म्हणाला. “पण गेलीस ते बरं केलंस. माझ्या बापाकडे मी वेळेत नाही गेलो. तीनशे पावलांवर बसून सँडविच खात होतो.” त्याने कात्री खिळ्याला अडकवून ठेवली आणि तोंड फिरवलं.

म्हाताऱ्याने हात पुढे करून लेम्पीच्या कोटाची बाही चिमटीत धरली, कापड बघतो तशी. “म्हणजे डोकं नव्हतंच तिथे,” तो म्हणाला. “हरणाचं डोकं नव्हतं म्हणून दिसलं नाही.”

“नव्हतंच, पप्पा.”

“म्हणजे मी बरोबर बघितलं.”

“बरोबर बघितलंत. म्हणून मी इथे उभी आहे.”

मग म्हातारा रडला. आवाज न करता, अर्थातच. ती बाही सोडेना. रडून झाल्यावर त्याने लेम्पीला असल्या शिव्या घातल्या, फिनिशमध्ये आणि इंग्रजीत, की रूडी बाहेर लाकडं आणायला गेला आणि हसत परत आला. ती शिव्या खात उभी राहिली आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की आणखी चार मिळाल्या असत्या तरी चाललं असतं. शिव्या संपल्यावर म्हाताऱ्याने थंड झालेली पेस्टी ओढून घेतली आणि अख्खी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी चढला नाही. टेकाडाच्या पायथ्याशी एक आडवा पडलेला ओंडका होता, त्याच्यामागे लोकरीचं घोंगडं पसरून बापलेक शेजारी शेजारी बसले, दोघांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या. पहिला तासभर बरा गेला. मग म्हातारा कुजबुजायला लागला. आधी वाऱ्याबद्दल, मग तिच्या आईबद्दल, तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा आपण तीन आठवडे एक शब्द बोललो नव्हतो त्याबद्दल. लेम्पीने खूण करून दाखवली, पप्पा, हरणं. तो म्हणाला, असू दे हरणं.

“त्या दिवशी ऑस्कर खाली येईना,” तो म्हणाला, आणि आता कुजबुजतही नव्हता, साध्या आवाजात बोलत होता. “तेव्हा मला संध्याकाळपर्यंत त्याचा अभिमान वाटत होता. म्हटलं, शेवटी शिकला माझा भाऊ गप्प बसायला. दिवसभर अभिमान वाटत होता, लेम्पी. हे मी कोणालाच सांगितलं नाही.”

लेम्पीने त्याचा हात धरला.  तिने विचारलं, काका लहान असताना कसा होता? आणि म्हातारा सांगायला लागला. ऑस्कर शाळेत कसा होता, गोठलेल्या तळ्यात बापाची गाडी कशी बुडवली, पाद्र्याच्या घोड्याला बिअर कशी पाजली. सांगता सांगता तो हसायला लागला, खो खो करून, भर जंगलात, भर शिकारीत. फांद्यांवरचा बर्फ खाली पडला. लेम्पीने तोंडावर हात दाबला, मग काढला आणि तीही हसली.

साडेनवाला रूडीच्या बाजूने गोळीचा आवाज आला, एकच, स्वच्छ. नंतर कळलं की आठ टोकांच्या शिंगांचा नर होता, बापलेकांच्या बडबडीला कंटाळून थेट त्याच्या पुढ्यात गेला होता. रूडीने संध्याकाळी हात जोडून विनंती केली की उद्याही असंच बोलत बसा. पण गोळी झाली तेव्हा या दोघांनी तिकडे मानही वळवली नाही. पाद्र्याच्या घोड्याचं पुढे काय झालं ते अजून सांगायचं राहिलं होतं.